द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी: औषधाचा डबा घेण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा

पोंगा अवस्थेपासून (डोळा फुगून फुटण्याची वेळ) मणी सेटिंगपर्यंतचा (मणी धरेपर्यंतचा) काळ डाऊनीचा, म्हणजे केवडा रोगाचा. या काळात परतीचा पाऊस झाला, किंवा नुसतं ढगाळ राहून पानावर सकाळी उशिरापर्यंत दव टिकलं, तर आठवड्याभरात घड कुजायला लागतात. पुढच्या तीन-चार दिवसांत पाऊस दिसत असेल तर बाकीची कामं थांबवा आणि आधी औषधांची यादी तपासा.

बाग जाते ती फवारणी कमी पडल्यामुळे, असं क्वचितच होतं. फवारण्या भरपूर होतात, पण एकाच गटाचं औषध वेगवेगळ्या नावांनी मारलं जातं. आधी ॲझॉक्सिस्ट्रोबिन, आठ दिवसांनी फॅमॉक्साडोनचं मिश्रण, पुढे फेनामिडोनचं मिश्रण. तीन डबे, तीन किमती, पण बुरशीच्या दृष्टीने औषध एकच. तिन्ही फ्रॅक गट ११ मधली (फ्रॅक ही बुरशीनाशकांचे, ती कुठे मारा करतात त्यावरून, गट पाडणारी संस्था). दुकानात "नवीन मॉलिक्यूल आलंय" म्हणतात तेव्हा पहिला प्रश्न गटाचा विचारा. उत्तर नाही मिळालं तर डब्यावरचं तांत्रिक नाव वाचून गट स्वतः शोधा. डाऊनी आणि भुरी (पानांवर, मण्यांवर पांढरी पावडर आणणारा रोग) यांसाठी लागणारे गट असे:

- गट ११: ॲझॉक्सिस्ट्रोबिन, क्रेसॉक्झिम मिथाइल, पायराक्लोस्ट्रोबिन, फॅमॉक्साडोन, फेनामिडोन
- गट ४०: डायमेथोमॉर्फ, मँडीप्रोपामिड, इप्रोव्हॅलिकार्ब
- गट ४: मेटॅलॅक्झिल
- गट २७: सायमोक्झॅनिल
- गट ३, फक्त भुरी: हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल, टेट्राकोनॅझोल
- एम गट, एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करणारी: मँकोझेब, प्रोपिनेब, ताम्रयुक्त औषधं, गंधक

गट ११ एवढा लवकर का फसतो? ही औषधं बुरशीच्या मायटोकाँड्रियातल्या सायटोक्रोम बी या प्रथिनावर बसतात. त्या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलानिन आलं की औषधाला बसायला जागा उरत नाही. जनुकातला एकच बदल, आणि त्याचा परिणाम पूर्ण. म्हणून अशा बागेत डोस दुप्पट केला तरी फक्त खर्च आणि रेसिड्यू (मालात उरणारा औषधाचा अंश) वाढतो. ही औषधं १९९६ मध्ये बाजारात आली आणि १९९८ मध्येच जर्मनीत गव्हाच्या भुरीवर चालेनाशी झाली. आपल्याकडच्या द्राक्षातल्या डाऊनीतही हाच बदल सापडला आहे.

गट ४० ची गोष्ट वेगळी, आणि जास्त फसवी. डाऊनीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. या गटाला दाद न देणारा बदल अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती बदलल्या तरच डाऊनी औषधातून वाचते. एकच प्रत बदललेली असेल तर औषध अजून चालतं, आपण निर्धास्त राहतो, आणि तो बदल आत लपून राहतो. पडलेल्या रोगट पानांत डाऊनीचे दोन जोडप्रकार एकत्र आले की संकर होऊन ऊस्पोर (जाड कवचाचे, टिकून राहणारे बीजाणू) तयार होतात आणि तिथे दोन बदललेल्या प्रती जुळू शकतात. छाटलेली पानं बागेतच कुजू द्यायची नाहीत ती यासाठी. खत होतं म्हणून ठेवणारे बरेच आहेत, पण डाऊनी येऊन गेलेल्या बागेत तो सौदा महागात पडतो. गोळा करा, बाहेर नेऊन खोल पुरा.

फवारणीचा क्रम. बोर्डो सोडून मात्रा प्रतिलिटर पाण्यासाठी:

- छाटणी झाल्यावर खोड, ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या), काड्या: १ टक्का बोर्डो. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. प्लास्टिकची टाकी वापरा, तयार झाल्यावर लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस थर आला तर चुना वाढवा. दुसरं काही मिसळू नका.
- पोंगा ते ३ पानं: मँकोझेब ७५ टक्के, २ ग्रॅम
- ५ पानांपुढे, पाऊस येण्याआधी: मँडीप्रोपामिड २३.४ टक्के ०.८ मिली किंवा डायमेथोमॉर्फ ५० टक्के १ ग्रॅम, सोबत मँकोझेब २ ग्रॅम. दोन्हीपैकी एकच.
- पाऊस होऊन गेला असेल तर दोन दिवसांच्या आत: सायमोक्झॅनिल ८ + मँकोझेब ६४ टक्के, २ ग्रॅम. हे जास्त दिवस टिकत नाही.

गट ४० हंगामात दोनदा पुरे, लागोपाठ नाही, एकटा तर कधीच नाही. मँकोझेब अनेक ठिकाणी एकाच वेळी मारा करतं, त्याला चुकवायला बुरशीला एका बदलाने भागत नाही. स्वस्त आहे म्हणून दुकानदार ते पुढे करत नाही, एवढंच.

ॲझॉक्सिस्ट्रोबिन + टेब्युकोनॅझोल असा संयुक्त डबा डाऊनीवर देत असतील तर घेऊ नका. डाऊनी ही खरी बुरशी नाही, शैवालाच्या जवळची आहे. टेब्युकोनॅझोल जिथे मारा करतं तो टप्पाच तिच्यात नाही. म्हणजे त्या डब्यात डाऊनीसाठी एकटा गट ११ उरतो.

औषध फेल गेलं की फवारा नीट बसला नाही? फवारणीनंतर तीन दिवसांनी तेलकट डाग असलेली पंधरा-वीस पानं तोडा, खालची पांढरी वाढ ओल्या कापडाने पुसा, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी ताजी पांढरी वाढ दिसली तर डाऊनी जिवंत आहे. फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचला होता अशी खात्री असेल तर तो गट या हंगामापुरता बंद करा. आमचा अंदाज असा की पहिले डाग खोडाजवळच्या फेलफुटीवर (घड नसलेल्या जादा फुटींवर) आणि हवा कोंडणाऱ्या सखल कोपऱ्यात दिसतात. शिफारशीत हे नाही, पण पाहणी तिथून सुरू करा.

नेहमीची कामं:

- फेलफूट विरळणी वेळेवर
- शेंडा मारणं
- नत्र जपून
- संध्याकाळी पाणी नको
- नोझल तपासणी, पाण्याचा सामू (पीएच)
- निर्यातीची बाग असल्यास निर्यात नियमावलीच्या परिशिष्ट ५ (शिफारशीच्या औषधांची यादी) मधले काढणीपूर्व दिवस

थंडी वाढून हवा कोरडी झाली की भुरी. इथे गट ३ हळूहळू निसटतो. दरवर्षी थोडा कमी चालतो, एकदम बंद पडत नाही, म्हणून लक्षात येत नाही. भुरीत प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, बदल लपत नाही, लगेच निवडला जातो. हेक्झाकोनॅझोल ५ टक्के १ मिली घ्यायचं तर पूर्ण मात्रेत. अर्ध्या डोसात थोडीफार दाद न देणारी भुरी वाचते आणि तीच पुढे पसरते. दोन फवारण्यांनंतर गट ३ थांबवून गंधक ८० टक्के २ ग्रॅमवर या. दुपारी तापमान ३५ अंशांवर जाणार असेल तर त्या दिवशी गंधक टाळा, आणि तेलाच्या फवारणीपासून किमान १५ दिवसांचं अंतर ठेवा.

फवारणीच्या वहीत ब्रँडचं नाव लिहिता, त्याच्या शेजारी गटाचा आकडा लिहा. लागोपाठच्या दोन ओळींत तोच आकडा दिसला आणि तो एम गटाचा नसला, तर पुढचा डबा उघडू नका.