ताण उतरवायचा तर सुरुवात अंगापासून

ताण आला की माणूस आधी स्वतःची समजूत घालायला बसतो. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं", "होईल सगळं नीट". समजूत पटतेही, पण छातीतली धडधड थांबत नाही. तोवर ॲड्रीनल ग्रंथींनी आपलं काम केलेलं असतं: नाडी वाढलेली, तळहात ओलसर, मान आणि पोट आवळलेलं. हे शब्दांनी पटकन उतरत नाही. अंग सैल करायच्या साध्या रीती मात्र आहेत. आधी त्या करा, समजूत नंतर घाला. अंग सैल झालं की तीच समजूत लवकर पटते.

पहिलं काम तपासणीचं, त्याला अर्धं मिनिट पुरतं. दात एकमेकांवर दाबलेले आहेत का? खांदे कानांकडे चढलेत का? पोट आत ओढून धरलंय का? आता कानशिलावर दोन बोटं ठेवा आणि दात आवळून पाहा. बोटांखाली एक स्नायू टुणकन वर येतो. बरेच जण हा स्नायू कामाच्या तंद्रीत तासन्‌तास तसाच धरून बसतात. संध्याकाळी कानशिलं ठणकायला लागली की डोकेदुखीची गोळी घेतली जाते आणि जबड्याची आठवण कुणालाच होत नाही. जबडा विश्रांतीत असतो तेव्हा ओठ हलके मिटलेले, वरच्या-खालच्या दातांत थोडी फट आणि जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे अलगद टेकलेलं असतं. दात एकमेकांना लागायचे ते चावताना आणि गिळताना.

ही तपासणी लक्षात ठेवून होत नाही, म्हणून ती रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधून टाका. फोन वाजला, लिफ्टची वाट पाहतोय, कुकरची पहिली शिट्टी झाली की दात सोडा, खांदे खाली. दिवसातून पाच-सहा वेळा एवढं झालं तरी संध्याकाळच्या मानदुखीत फरक पडतो.

श्वास: घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष

"दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला अर्धाच आहे, आणि घाबरलेल्या माणसाला तो कधीकधी बाधतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. हे मंदावणं होतं ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे, तो मेंदूपासून छातीत आणि पुढे पोटापर्यंत उतरतो. म्हणून खरा उपयोग उच्छ्वास लांबवण्याचा.

पाठीला टेकू मिळेल असे बसा, पाय जमिनीवर पुरते टेकलेले हवेत. कंबरेचा पट्टा किंवा नाडी घट्ट असेल तर सैल करा; यानेच अर्ध्या लोकांचं अडतं. एक हात बेंबीवर ठेवा. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. मोजणी सेकंदाच्या चालीने. एका श्वासाला दहा सेकंद म्हणजे मिनिटाला सहा श्वास झाले. एरवी बसल्या जागी मिनिटाला बारा ते वीस होतात. पाच मिनिटं म्हणजे तीस श्वास. सहापर्यंत सोडताना दम लागत असेल तर तीन-पाच करा, आठवड्याभरात चार-सहा जमेल. मधे श्वास रोखून धरायचं काहीच कारण नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एका दमात खूप हवा भरून घेणं. तसं पाच-सात वेळा झालं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, गरगरतं. माणसाला वाटतं आपल्याला काहीतरी होतंय, तो आणखी जोराने श्वास ओढतो आणि चक्र फिरत राहतं. अशा वेळी श्वास लहान करा, मोठा नाही. चहा पिताना घोट घेतो तेवढीच हवा आत घ्या आणि गरम चहावर फुंकर घालावी तशी ओठांतून सावकाश सोडा. मुंग्या काही मिनिटांत ओसरतात.

पोटाने श्वास घेणं म्हणजे काय हे ज्यांना उमगत नाही त्यांनी उताणं पडून पोटावर एखादी वही ठेवावी. श्वास घेताना वही वर आणि सोडताना खाली जायला हवी. वही जागेवर आणि छाती वर जात असेल तर श्वास अजून वरवरचाच चाललाय. पोट मुद्दाम फुगवू मात्र नका, त्याने कंबर ताणली जाते.

आकडे मोजले की काहींना उलट दडपण येतं. त्यांच्यासाठी भ्रामरी उत्तम. ओठ मिटून, दात विलग ठेवून, नाकाने श्वास सोडताना भुंग्यासारखा ‘म्’ असा आवाज करायचा. आवाज टिकवायचा म्हटलं की उच्छ्वास आपोआप लांबतो. आवाज खालच्या पट्टीत आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतका बेताचा. सात-आठ वेळा पुरे.

वेळ अगदीच नसेल, मुलाखतीच्या दारात उभे आहात, तर हे करा: नाकाने श्वास घ्या, त्यावरच आणखी एक छोटा श्वास, आणि मग तोंडाने लांब उसासा. असं तीन वेळा. रोज पाच मिनिटं महिनाभर हा उसासा करणाऱ्यांचा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. त्यात मनःस्थितीतली सुधारणा तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली. रडून झाल्यावर लहान मूल हुंदके देत असाच दुहेरी श्वास घेतं आणि मग शांत होतं.

छातीत दाब येऊन तो हात, जबडा किंवा पाठीकडे सरकत असेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर श्वासाचे प्रयोग करत बसू नका. १०८ला फोन करून रुग्णालय गाठा.

आवळा आणि सोडा

"सैल हो" म्हणून स्नायू सैल होत नाही, कारण आपण आवळलोय हेच त्याला ठाऊक नसतं. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने गेल्या शतकाच्या सुरुवातीला यावर युक्ती काढली: आधी मुद्दाम आवळायचं, मग एकदम सोडायचं. त्या फरकातून सैलपणा कळतो.

जमिनीवर चटई, वर दुहेरी सतरंजी. गादीवर केलं तर झोप लागते. रात्री तीच हवी असेल तर गादीच बरी. पाय फूटभर विलग, हात अंगापासून वीतभर लांब, तळवे वर. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड ठेवा. पंखा मंद ठेवून अंगावर पातळ चादर घ्या. स्वस्थ पडल्यावर अंग गार पडतं आणि थंडी वाजली की स्नायू पुन्हा आखडतात.

आता मुठी वळा. पूर्ण ताकद लावू नका, पाऊण पुरे. पाच ते सात सेकंद धरा आणि एकदम सोडून द्या, हळूहळू नाही. पुढचे वीस-तीस सेकंद काहीच करायचं नाही, फक्त तळहातातली ऊब आणि जडपणा पाहायचा. घाईत हीच वीस सेकंदं गाळली जातात आणि मग "मला काही फरक पडला नाही" असं होतं. त्यानंतर क्रमाने दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे कानांकडे, पोट, मांड्या, पोटऱ्या. पोटऱ्यांच्या वेळी पायाची बोटं पुढे ताणू नका, पोटरीत गोळा येतो; चवडा आपल्याकडे ओढा. श्वास कुठेही रोखायचा नाही. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आवळणं अगदी हलकं ठेवावं, किंवा ते सोडून सरळ शवासन करावं.

शवासन आपल्याकडे "काहीच न करण्याचं आसन" म्हणून टाळलं जातं, हे फार मोठं नुकसान आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून त्याचे परिणाम १९६९ साली प्रसिद्ध केले होते, आणि अनेकांचा दाब उतरलेला दिसला होता. तेवढ्यावरून आपली गोळी आपणच बंद करायची नाही, पण दुपारची पंधरा मिनिटं त्याला जरूर द्यावीत. उठताना कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठा. ताडकन उठलं की भोवळ येते.

चालण्याबद्दल फार सांगायला नको, ते सगळ्यांना माहीत आहे आणि तरी राहून जातं. जेवणानंतरची शतपावली पचनाला ठीक. ताणासाठी वीस-पंचवीस मिनिटं अशा चालीने चाला की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. सकाळी उजेडात चाललात तर रात्रीची झोपही सुधारते. फोन हातात धरून चालू नका: मान खाली जाते, खांदे पुढे येतात, आणि वर बातम्याही वाचल्या जातात.

चहा सोडायची गरज नाही, वेळ बदला. चहा-कॉफीतल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. सहाला घेतलेला चहा अकराला निम्मा अंगात असतोच. शेवटचा कप साडेतीन-चारचा ठेवा. एकदम बंद केलात तर पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखेल, म्हणून रोज अर्धा कप कमी करत जा.

डोक्यातलं कागदावर

घोळत राहणारा विचार लिहून काढला की त्याला किनारे मिळतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर १९८०च्या दशकापासून यावर काम करत आले. त्यांची रीत सोपी: पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावायचा आणि जे खुपतंय ते शुद्धलेखनाची पर्वा न करता, पेन न थांबवता लिहायचं. ओळीने तीन-चार दिवस. लिहून झाल्यावर थोडा वेळ उलट जड वाटू शकतं, ते तासा-दोन तासांत निवळतं. म्हणून झोपायच्या तोंडावर लिहू नका. कागद कुणी वाचेल ही भीती असेल तर लेखणी अडखळते. लिहून झालं की फाडून टाका. दुःख अगदी ताजं असेल, घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर हा प्रयोग काही आठवडे लांबणीवर टाका.

कामांच्या काळजीची रीत वेगळी. रोज संध्याकाळी एका ठरावीक वेळी वीस मिनिटं काळजीसाठीच राखून ठेवा. दिवसभरात काही आठवलं की दोन शब्द टिपा आणि "सातला बघू" म्हणून पुढे चला. सातला कागदाचे दोन भाग करा: ज्यावर आपण काही करू शकतो ते एकीकडे, बाकीचं दुसरीकडे. पहिल्या भागात "मुलीची फी" असं मोघम लिहू नका. "सोमवारी ११ वाजता बँकेत जाऊन डीडी काढणे" असं लिहा. काम, दिवस आणि वेळ ठरली की डोकं ते धरून बसत नाही.

दोन आठवडे ओळीने झोप उडाली असेल, खाणं कमी झालं असेल, आवडीच्या कशातही मन लागत नसेल, तर हे आता श्वासाने आणि लिहिण्याने निभावण्यासारखं राहिलेलं नाही. डॉक्टरांकडे जा. जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येत असतील तर आजच. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातलं माणूस गप्प गप्प झालं असेल तर हा क्रमांक तुम्ही लावून दिलात तरी चालतो.

रात्री, काशाची वाटी

आजीच्या कपाटात असलेली, तळवे घासायची ही वाटी पुन्हा बाहेर काढावी अशी आहे. नवी घेत असाल तर मुठीत मावणारी, जाड बुडाची, गुळगुळीत घ्या. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ. वाटी तळहातावर ठेवून चमच्याने टिचकी मारा: काशाचा नाद लांबतो.

पाय कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा. एका पायाला अर्धा छोटा चमचा तूप पुरतं, पातळ करून कोमट घ्यावं. थंडीत तिळाचं तेल, उन्हाळ्यात खोबरेल चालतं. आधी अंगठ्याने टाचेपासून बोटांपर्यंत पाच-सहा सरळ रेघा ओढा, बोटांच्या मुळाशी जरा थांबून दाब द्या. मग वाटीचं बूड तळव्यावर टेकवून छोटी वर्तुळं काढत टाचेकडून चवड्याकडे या. वाटी घसरत जायला हवी; कातडी ओढली जातेय असं वाटलं की दोन थेंब आणखी घ्या. दाब इतकाच की बोलणं चालू ठेवता यावं. एका पायाला पाच-सात मिनिटं. वाकता येत नसेल तर घरच्यांकडून करून घ्या. दुसऱ्याच्या हाताची गोडी निराळीच.

तळवा काळपट होतो, त्याला "अंगातली उष्णता निघाली" म्हणतात. तो रंग वाटीच्या धातूचा: घासताना धातूचे बारीक कण सुटतात आणि तांब्याची तूप-घामातल्या आम्लांशी प्रक्रिया होते. गुण येतो तो दाबाने आणि उबेने. तळव्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरतं आणि झोप लवकर लागते.

मधुमेहाने तळव्याची संवेदना गेली असेल, पायाला जखम असेल किंवा एकाच पायाच्या पोटरीला सूज असेल तर वाटी लावू नका. बाकीच्यांनी झाल्यावर तळवे कोमट पाण्यात पिळलेल्या जुन्या फडक्याने पुसावेत. तुपकट पायाने फरशीवर उभं राहिलात तर घसराल. बोटांच्या बेचक्याही कोरड्या करा, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. मग चादरीला डाग नको म्हणून जुने सुती मोजे चढवा आणि दिवा मालवा.