आमिषावर अस्वलाची शिकार : मेनच्या जंगलात मचाणावर बसण्याआधी

आपल्याकडच्या अस्वलाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्याला मारणे गुन्हा. पुढचे सगळे अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या काळ्या अस्वलाबद्दल. तिथले जंगल इतके दाट की चालत शोधून अस्वल क्वचितच दिसते, म्हणून परवाना काढून आमिषावर बसायची पद्धत आहे. ती बंद करावी का, यावर २००४ आणि २०१४ मध्ये मतदान झाले. दोन्ही वेळा लोकांनी बंदी नाकारली.

आधी जागामालकाची परवानगी घ्या. आमिष गाडीरस्त्यापासून किमान ५० यार्ड आत हवे आणि तिथे तुमच्या नावपत्त्याची पाटी हवी. पाण्याजवळची, दाट झाडीला लागून असलेली जागा उत्तम, कारण अस्वलाला उघड्यावर यायला आवडत नाही.

हंगाम ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी उघडतो; आमिष त्याआधी साधारण महिनाभर टाकता येते. पिंप झाडाला साखळीने बांधा. आत शिळे डोनट, पाव, लाह्या भरा, भोवती तळणीचे वापरलेले तेल ओता. अस्वलाच्या पंजांना ते लागते आणि वास पायवाटांवर पसरतो. (मोहफुलांवर तुटून पडणारे आपले अस्वल काही वेगळे नाही!) चॉकलेट मात्र नको. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये २०१४ साली आमिषातल्या चॉकलेटने चार अस्वले मेली. भरायला रोज ठरलेल्या वेळी जा आणि लगेच निघा.

खरी कसोटी वाऱ्याची. मचाण अशा बाजूला बांधा की वारा पिंपाकडून तुमच्याकडे येईल. धनुष्यासाठी १५-२० मीटर अंतर पुरे. वारा फिरला तर त्या दिवशी बसूच नका. अस्वलाने एकदा माणूस हुंगला की ते अंधार पडल्यावरच येऊ लागते.

अस्वल आले की हात शिवशिवतात, पण थांबा. मागून पिल्ले येतात का ते पाहा. पिल्लांची आई मारू नये. मग आकार. दोनशे लिटरचे उभे पिंप सुमारे ८८ सेंटिमीटर उंच असते. चार पायांवरच्या अस्वलाची पाठ त्याच्या काठाला टेकत असेल तर जनावर मोठे. कान डोक्यावर मोठे नि जवळजवळ दिसले तर ते लहान. मोठ्याचे कान छोटे आणि बाजूला दिसतात. अस्वल आडवे उभे असताना, पुढचा पाय पुढे गेला की खांद्यामागे नेम धरा. जाड चरबी आणि केस रक्त शोषतात, जमिनीवर माग फार पडत नाही, म्हणून ते कुठल्या झाडामागे दिसेनासे झाले ते लक्षात ठेवा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बार बंद.

कातडे लवकर काढा, नाहीतर चरबीखाली मांस गरमच राहून बिघडते. घरी आणल्यावर ते ७१ अंश सेल्सियसपर्यंत शिजवा. ट्रिकिनेला नावाच्या कृमीचे काही प्रकार फ्रीजरमध्येही मरत नाहीत, तेव्हा अस्वलाचा अर्धाकच्चा स्टेक कोणी कितीही आग्रहाने वाढला तरी नको म्हणा.