डायजेस्टरच्या मॉडेलमध्ये गॅस जुळतो, पीएच जुळत नाही? या चुका टाळा

डायजेस्टर म्हणजे सांडपाण्याचा गाळ हवेविना कुजवून गॅस बनवणारी टाकी. तिच्या संगणकीय मॉडेलमध्ये गॅसचा आलेख जुळला की मॉडेल जमलं, असं समजू नका. गॅस सीओडीच्या (सेंद्रिय पदार्थ जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) हिशेबातून येतो, पीएच मात्र पाण्यातल्या विद्युतभारांच्या ताळेबंदातून. पीएच चुकतोय म्हणून जिवाणूंच्या वाढीचे स्थिरांक फिरवत बसणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. त्याने खरा दोष झाकला जातो.

आधी नमुना तपासा. नागपूरच्या मे महिन्यात अर्धी भरलेली बाटली गाडीत तासभर राहिली, तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. बाटली काठोकाठ भरा, जागेवरच मोजा.

मग क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. इथेच बहुतेकांची गाडी अडते. इंटरनॅशनल वॉटर असोसिएशनच्या 2002 च्या एडीएम-1 या डायजेस्टर-मॉडेलमध्ये सेंद्रिय घटक सीओडीत मोजतात, तर अजैविक कार्बन आणि नायट्रोजन मोलमध्ये. समजा, येणाऱ्या गाळाची क्षारता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात 500 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. 50,000 ने भागा (एक मोल भाराला 50,000 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट): 0.01 मोल भार प्रति लिटर. हा आकडा जसाच्या तसा मॉडेलच्या धन आयनांत (सोडियमसारख्या धनभारित कणांत) टाकला की चुकलंच! त्यातला काही वाटा अमोनियमचा असतो, आणि अमोनियम मॉडेलमध्ये वेगळं मोजलेलं असतंच. अमोनिया-नायट्रोजन लिटरला 70 मिलिग्रॅम असेल तर (14,000 ने भागून) 0.005 मोल वजा करा, उरलेले 0.005 धन उणे ऋण आयनांच्या फरकात द्या. नाहीतर तोच भार दोनदा मोजला जातो आणि पीएच उगाच वर चढतो. दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाचे आयनांचे आकडे उचलून वापरू नका.

तापमानही विसरू नका. पीएच 7.5 असताना 25 अंशांना अमोनियाचा सुमारे पावणेदोन टक्के भाग मुक्त (भाररहित) असतो, 35 अंशांना तो जवळपास दुप्पट होतो, आणि मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना तोच जाचतो. अमोनियम किती सुटून मुक्त अमोनिया होतो ते ठरवणारे 25 अंशांचे स्थिरांक तसेच ठेवले, तर उन्हाळ्यातला हा त्रास मॉडेलला दिसणारच नाही.

गॅसमीटरची नोंद कोणत्या तापमानाची, तेही विचारून घ्या. एक किलो सीओडी कमी झाल्यावर शून्य अंशाला 0.35 घनमीटर मिथेन मिळतो, 35 अंशांना तोच साधारण 0.395 भरतो.

पाइपात पांढरा, कडक थर बसत असेल, तर मूळ एडीएम-1 कडून उत्तर मागू नका. त्यात फॉस्फरसच नाही. स्ट्रुव्हाइटसाठी (असा थर बहुधा याच फॉस्फेट-खनिजाचा असतो) मॅग्नेशियम आणि फॉस्फेटची समीकरणं वेगळी जोडावी लागतात.