बदलीचा आदेश आला, आता घराचं बघा

सैन्यातल्या बदलीचा आदेश हातात पडला की घरांच्या जाहिराती उघडायची घाई नको, आधी आदेश नीट वाचा. हजर व्हायची तारीख कोणती, कुटुंबाला सोबत न्यायची परवानगी आहे का, नेमणूक साधारण किती काळाची. युनिट तिथेच राहणार की लवकरच पुढे हलणार, हे मात्र कागदावर नसतं. ते तिथे आधीपासून असलेल्या कुणाला तरी फोन करून काढून घ्यावं लागतं. त्याच दिवशी सरकारी क्वार्टरसाठी नाव नोंदवा, बाहेर राहायचं मनात असलं तरी. आपला नंबर कितवा यापेक्षा यादी किती वेगानं सरकते ते विचारा. चार महिन्यांत क्वार्टर मिळणार असेल तर बाहेर वर्षभराच्या करारात अडकण्यात अर्थ नाही.

मग पैसे. घरभाडं भत्ता कळला की माणूस नेमकं तेवढ्याच भाड्याचं घर शोधू लागतो आणि गणित तिथेच फसतं. भाडं, मेंटेनन्स, वीज, पाणी, गॅस, पार्किंग, इंटरनेट आणि रोजची ये-जा, हे सगळं त्या भत्त्याच्या आत बसवून बघा. छावणीजवळच्या घराचं भाडं १०० धरलं आणि लांबच्याचं ८०, तर वाचलेले २० खरंच हातात राहतात का? ड्यूटी पहाटेची, त्या वेळी बस नाही, म्हणजे एक गाडी दिवसभर छावणीत उभी. घरी राहिलेल्या माणसाला मुलांना शाळेत सोडायला दुसरी गाडी लागते आणि ते २० तिच्यातच जातात. पहिल्या महिन्याचा हिशेब वेगळा काढा. डिपॉझिट, आगाऊ भाडं, ब्रोकरेज आणि सामानाची गाडी एकदम अंगावर येतात, जुन्या घराचं डिपॉझिट तोवर परत आलेलं नसतं. भत्ता कोणत्या तारखेपासून लागू होतो हे हिशेब विभागाला विचारून ठेवा.

मुलांची शाळा घराच्या आधी ठरवा. वर्षाच्या मधेच प्रवेश कुठे मिळतोय त्यावर निम्मा शोध आपोआप आटोपतो.

आता जाहिराती. भाव वाजवीपेक्षा कमी आणि मालक म्हणतो, ‘मीही फौजीच, सध्या दूर पोस्टिंगवर आहे, टोकन पाठवा, चावी कुरिअरनं येईल’, तर तिथेच थांबा. गणवेशावर लोकांचा विश्वास असतो म्हणूनच हे नाटक वर्दीच्या नावानं चालतं. आपल्या ओळखपत्राचा किंवा आदेशाचा फोटोही अनोळखी माणसाला पाठवू नका. पुढच्या फसवणुकीत तोच वापरला जातो. स्वतः जाता येत नसेल तर ओळखीच्या कुणाला पाठवा आणि व्हिडिओ कॉल चालू ठेवून दारापासून गच्चीपर्यंत फिरायला सांगा. सगळे नळ सोडून पाण्याचा जोर बघा. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर आतली ओल झाकलेली असू शकते. प्रत्येक खोलीत मोबाइलची रेंज तपासा. तैनातीवर गेलेल्या माणसाचा फोन स्वयंपाकघरात लागला नाही म्हणून चुकला, तर पुढचा कधी येईल याचा नेम नसतो.

सगळ्यात जास्त वेळ करारावर घालवा. माझ्या मते फौजी कुटुंबासाठी स्वस्त घर ते, जे आदेश आल्यावर दंड न भरता सोडता येतं. अमेरिकेत २००३ च्या कायद्यानुसार, ठरावीक प्रकारच्या बदलीत किंवा ९० दिवस वा त्याहून जास्त काळाच्या तैनातीत, सैनिकाला भाडेकरार मुदतीआधी संपवता येतो. असं संरक्षण जिथे नाही, तिथे ते करारातच लिहून घ्यावं लागतं. मजकूर साधा असू द्या: ‘बदलीचा किंवा तैनातीचा लेखी आदेश दाखवून भाडेकरू ३० दिवसांच्या नोटिशीनं घर सोडू शकेल, लॉक-इन (ठरावीक काळ घर न सोडण्याची अट) लागू राहणार नाही आणि कायदेशीर वजावट सोडून डिपॉझिट पूर्ण परत मिळेल.’ मालक कुरकुरला तर एक महिन्याऐवजी दोन महिन्यांची नोटीस द्यायची तयारी दाखवा, पण कलम सोडू नका. तोंडी ‘बघू हो, तुम्ही काय परके आहात का’ याला किंमत नाही; घर विकलं गेलं की नवा मालक कागदच बघतो. करारावर नवरा-बायको दोघांची नावं हवीत. एक जण महिनोन्‌महिने बाहेर असेल तर बँक, वीज जोडणी आणि घराच्या सह्यांपुरतं मुखत्यारपत्र निघण्याआधीच करून ठेवा.

सामान तितकंच न्या जितकं नव्या दारातून आत जाईल. मोठ्या कपाटाची रुंदी आणि जिन्याचं वळण आधी मोजून घ्या. पहिल्या काही दिवसांसाठी ट्रान्झिट निवास (तात्पुरती राहायची सोय) मिळत असेल तर तो घ्याच, रस्त्यावर आल्यासारखं होऊन घाईत सह्या होत नाहीत. आणि ताबा घेताना, खोकी उघडायच्या आधी, मीटरचे आकडे, भिंतींचे कोपरे, फरशीच्या भेगा आणि गळके नळ यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला ईमेल करा.