खेळाडूंच्या सन्मानातील तफावत : ती मोजावी कशी आणि तिचा पाठपुरावा करावा कसा

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमधील ब्रिजटाऊन येथे भारतीय संघाने ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला आणि ५ जुलै रोजी, म्हणजे आठवडाही उलटायच्या आत, संघातील रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, यशस्वी जैस्वाल आणि शिवम दुबे या चौघांचा मुंबईत विधान भवनात सत्कार होऊन संघासाठी राज्य शासनाचे ११ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईचाच बॅडमिंटनपटू चिराग शेट्टी याने जाहीर नाराजी व्यक्त केली. मे २०२२ मध्ये बँकॉकला इंडोनेशियाला ३-० असे नमवून भारताने प्रथमच थॉमस करंडक जिंकला, त्या संघात आपण होतो, बॅडमिंटनमध्ये या करंडकाचे मोल विश्वचषकाइतकेच आहे, तरीही राज्याने आपली दखल घेतली नाही, असे त्याचे म्हणणे होते.

अशा प्रसंगी समाजमाध्यमांवर दोन दिवस संताप उसळतो आणि तिसऱ्या दिवशी सगळे शांत होते. सरकारी कचेरीतली फाइल संतापाने हलत नाही. ती तारखा, आकडे आणि शासन निर्णयाचा क्रमांक यांनी हलते. पुढील मजकूर क्रीडाशिक्षकांसाठी, क्रीडा मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी, पालकांसाठी आणि तालुक्याच्या वार्ताहरांसाठी आहे. आपल्या खेळावर अन्याय होतो असे ज्यांना वाटते त्यांनी तो आधी नीट मोजावा आणि मगच कोणाच्या दारात जावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

मोजणीची सुरुवात पैशाच्या उगमापासून करावी. त्याच विश्वचषकानंतर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने संघाला १२५ कोटी रुपये जाहीर केले. ती रक्कम डोळे दिपवणारी असली, तरी मंडळाने ती स्वतःच्या उत्पन्नातून दिली होती. नेमबाजाला किंवा कुस्तीगिराला तेवढी रक्कम का मिळत नाही, हा प्रश्न त्यामुळे शासनाला विचारता येत नाही. राज्याच्या ११ कोटींबद्दल मात्र विचारता येतो, कारण ते सार्वजनिक तिजोरीतले होते. केंद्र शासनाच्या रोख पारितोषिक योजनेत ऑलिंपिक सुवर्णाला ७५ लाख, रौप्याला ५० लाख आणि कांस्याला ३० लाख असे ठरलेले दर आहेत. तेव्हा आपल्या वहीत मंडळ किंवा महासंघ, केंद्र, राज्य आणि खासगी पुरस्कर्ते असे चार वेगळे रकाने पाडावेत आणि एका रकान्यातल्या आकड्याची तुलना दुसऱ्या रकान्यातल्या आकड्याशी कधीही करू नये. वादांमध्ये हीच चूक सर्वाधिक होते, आणि समोरचा अधिकारी तिच्यावरच बोट ठेवून आपल्याला परत पाठवतो.

त्यानंतर दरडोई हिशेब करावा. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. राज्याने स्वप्नीलला आधी १ कोटी जाहीर केले, आणि लगेच ‘क्रिकेटला ११, नेमबाजीला १’ अशी आरोळी उठली. प्रत्यक्षात ११ कोटी पंधरा जणांत वाटले, तर एकाच्या वाट्याला साधारण ७३ लाख येतात, आणि त्यात प्रशिक्षक व सहायकांचा हिस्सा धरलेला नाही. म्हणजे दरडोई पाहता ती आरोळी टिकत नाही. मला हे लिहिताना आनंद होत नाही, कारण माझी सहानुभूती नेमबाजाकडेच आहे. पण फसवा आकडा घेऊन गेले की आपली खरी तक्रारही त्याच्याबरोबर बाद होते.

खरी तक्रार रकमेच्या मागे दडलेली असते. ती रक्कम आधी ठरलेल्या दराने दिली की त्या दिवसाच्या उत्साहात, हे पाहावे. स्वप्नीलची रक्कम पुढे २ कोटी झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ अंतिम फेरीत नेपाळला हरवून विजेते ठरले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. या संघांतील महाराष्ट्राच्या खेळाडूंना राज्याने प्रत्येकी सव्वादोन कोटी जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत महिला क्रिकेट संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज आणि राधा यादव यांनाही राज्याकडून प्रत्येकी सव्वादोन कोटीच मिळाले. दरम्यान जुलैत बाटुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखला ३ कोटी मिळाले होते. सव्वादोन म्हणजे तीनचा पाऊण भाग. सांघिक यशाला पाऊण आणि वैयक्तिक यशाला पूर्ण, असे काही सूत्र या आकड्यांतून उघड डोकावते. खो-खो आणि क्रिकेट एका पंक्तीला बसले ते अशा सूत्रामुळे. कोणा मंत्र्याला अचानक खो-खोचा लळा लागला म्हणून नव्हे.

सूत्र नसले म्हणजे काय होते, ते त्याच खो-खो विश्वचषकात दिसले. कर्नाटकातील दोन विजेत्या खेळाडूंना तेथील शासनाने प्रत्येकी ५ लाख देऊ केले, आणि महाराष्ट्रातील सहकाऱ्यांना काय मिळाले याचा दाखला देत त्या दोघांनी ती रक्कम नाकारली. खेळ, संघ आणि चषक तोच असून केवळ राज्याची सीमा बदलल्याने एवढा फरक पडला. म्हणून तुलना करताना खेळाबरोबर राज्याचाही रकाना ठेवावा. हरियाणात ऑलिंपिक कांस्याला अडीच कोटी मिळतात, ही नोंद त्यात आवर्जून करावी, कारण मंत्रालयात शेजाऱ्याच्या उदाहरणापेक्षा हरियाणाचे उदाहरण अधिक लागू पडते.

आता तारखा. प्रत्येक सन्मानाच्या चार तारखा असतात : यश मिळाल्याची, घोषणेची, शासन निर्णयाची आणि पैसे खात्यात पडल्याची. वर्तमानपत्रांत बहुधा फक्त दुसरी छापून येते. पहिली आणि दुसरी यांतले अंतर राजकीय आस्था दाखवते, तर दुसरी आणि चौथी यांतले अंतर प्रशासनाची. रोख रकमेखेरीज इतर सन्मानांनाही ही मोजपट्टी लावता येते. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक जिंकले, त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. खाशाबांना तर हेलसिंकीला जाण्यासाठीच पैसे मिळेनात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन ते परतले तेव्हा कराडकरांनी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली, पण अर्जुन पुरस्कार आला तो १९८४ साली झालेल्या त्यांच्या मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. लोकांनी केलेल्या सन्मानाचा आणि शासनाने केलेल्या सन्मानाचा वेग किती वेगळा असू शकतो, हे या एका उदाहरणात मावते.

तिसरी तारीख घरबसल्या मिळते, चौथीसाठी मात्र माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागनिहाय पाहता येतात. शालेय शिक्षण व क्रीडा विभाग निवडून तेथे शोध घ्यावा आणि निर्णयाचा दिनांक व सांकेतांक उतरवून घ्यावा. पैसे केव्हा अदा झाले हे मात्र तेथे कळत नाही. अर्ज पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडी येथील क्रीडा व युवक सेवा कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, विषय एकच ठेवावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसवावा. माझा पहिला अर्ज मी ‘अमुक खेळाडूला अद्याप रक्कम का दिली नाही?’ असा लिहिला होता. माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही, असे एका ओळीचे उत्तर एका कार्यालयाने पाठवले. मी चिडलो, पण नियमाने ते कार्यालय चुकले नव्हते, कारण दप्तरी असलेलीच माहिती या कायद्याखाली मागता येते आणि ‘का’ हे दप्तरी नसते. दुसऱ्या वेळी मी असे लिहिले : ‘दि. १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीत आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील यशाबद्दल राज्य शासनाने मंजूर केलेल्या रोख पारितोषिकांची खेळनिहाय यादी मिळावी. यादीत स्पर्धेचे नाव, शासन निर्णयाचा दिनांक, मंजूर रक्कम व रक्कम अदा केल्याचा दिनांक असावा.’ या मजकुरात आरोप नाही आणि विशेषणही नाही, त्यामुळे तो नाकारायला जागा उरत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढील तीस दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या मुदतीत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो योग्य ठिकाणी पाच दिवसांत पाठवणे त्या कार्यालयावर बंधनकारक आहे. हाती दिलेल्या प्रत्येक कागदावर शिक्क्यासह पोच घ्यावी; ‘साहेब बघतील’ ही पोच नव्हे.

माध्यमांचे मोजमाप याहून सोपे आहे आणि त्यासाठी लागते ती फक्त शाळकरी फूटपट्टी. एक दैनिक निवडावे, त्याचे क्रीडा पान महिनाभर जपून ठेवावे आणि प्रत्येक बातमीची लांबी कॉलम सेंटीमीटरमध्ये मोजून खेळाच्या नावापुढे लिहावी. छायाचित्राची जागा वेगळी नोंदवावी, आणि स्पर्धा देशात सुरू होती की परदेशात, हेही लिहावे. आयपीएलचा महिना घेऊ नये, कारण त्या महिन्याचे निकाल मोजण्याआधीच ठाऊक असतात.

हे काम करताना एक गोष्ट लक्षात येते आणि ती क्रीडाप्रेमींना फारशी रुचत नाही. सगळा दोष संपादकांच्या आवडीनिवडीचा नसतो. रात्री दहाच्या सुमारास क्रीडा पान लावणाऱ्या उपसंपादकासमोर क्रिकेटचा मजकूर वृत्तसंस्थेकडून तयार येतो : नावे पूर्ण, धावफलक अचूक, छायाचित्रे स्वच्छ आणि ओळीसकट. जिल्हा खो-खो स्पर्धेचा निकाल येतो तो व्हॉट्सॲपवर, बहुधा गुणपत्रिकेचा तिरका फोटो होऊन, ज्यात खेळाडूंची फक्त आडनावे असतात आणि अंगठ्याची सावली नेमकी अंतिम गुणांवर पडलेली असते. त्याच्याकडे वीस मिनिटे असतात. कोणती बातमी लागेल, हे सांगायला नको.

म्हणून बातमी पाठवण्याची शिस्त लावून घ्यावी. निकाल संध्याकाळी सातच्या आत, टंकलिखित स्वरूपात, दोनशे शब्दांच्या आसपास पाठवावा. प्रत्येक खेळाडूचे पूर्ण नाव, गाव आणि शाळा किंवा मंडळ लिहावे. सत्काराच्या व्यासपीठावरची रांगेत उभ्या पाहुण्यांची छायाचित्रे पाठवू नयेत. गडी बाद करतानाचा सूर किंवा खांबाजवळची झेप टिपलेले एक छायाचित्र अशा दहांना भारी पडते. खो-खोच्या आपल्या बातम्यांत ‘(१.४० मि. संरक्षण व ४ गुण)’ असे कंस एकामागून एक येतात, खेळ जाणणाऱ्याला ते पुरेसे असले, तरी बाकीच्या वाचकांची नजर त्यांवरून घसरते. पहिल्या परिच्छेदात सामना कोठे फिरला ते सांगावे, जसे की शेवटच्या पाळीत अमुक संघ चार गुणांनी मागे होता आणि एकाच तुकडीतले तिन्ही संरक्षक दीड मिनिटात बाद झाल्याने सामना उलटला. कंसातले आकडे शेवटी द्यावेत. असा मजकूर सलग दोन-तीन महिने वेळेवर येत राहिला की उपसंपादक स्वतःहून फोन करू लागतो, आणि मग फूटपट्टीच्या वहीवरून बोलायला खरी संधी मिळते.

लोकप्रतिनिधीकडे जाताना मागणी एकाच ओळीची असावी. ‘आमच्या खेळाकडे दुर्लक्ष होते’ या वाक्यावर आमदार सहानुभूती देतात आणि चहा पाजतात. ‘अमुक स्पर्धा रोख पारितोषिकांच्या यादीत समाविष्ट करावी’ किंवा ‘अमुक तारखेच्या निर्णयातील रक्कम अद्याप अदा झालेली नाही’ या वाक्यावर त्यांना तारांकित प्रश्न देता येतो, आणि त्याचे उत्तर मंत्र्यांना सभागृहात द्यावे लागते. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी कागद त्यांच्या हाती पडायला हवेत. राजकारण्यांना देशी खेळांची जाण नाही, असा सूर मात्र लावू नये. मुंबई क्रिकेट संघटनेपासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेपर्यंतची अध्यक्षपदे भूषवणारे शरद पवार महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचेही दीर्घकाळ अध्यक्ष होते. कॅमेरे एकाच पदाभोवती जमले, हा वेगळा मुद्दा आहे.

राहता राहिला आपल्या गावचा सत्कार, ज्यावर आपले पूर्ण नियंत्रण असते आणि जेथे आपण सर्वाधिक ढिसाळ वागतो. पदक जिंकून आलेल्या मुलीच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर तिचे छायाचित्र कोपऱ्यात पासपोर्टएवढे आणि ‘शुभेच्छुक’ म्हणून अकरा चेहरे, हे दृश्य कोणत्याही तालुक्यात दिसते. फ्लेक्स छापायला देताना तिचे छायाचित्र अर्धी जागा व्यापेल, तिच्या नावाखाली खेळ, स्पर्धा, वर्ष आणि कामगिरी लिहिलेली असेल आणि प्रशिक्षकाचे नाव पाहुण्यांच्या वर येईल, एवढे तरी लेखी द्यावे; तोंडी सांगितलेले छपाईवाल्याकडे पोहोचेपर्यंत शुभेच्छुकांची संख्या वाढलेली असते. शाल-श्रीफळाबरोबर पाकिटात रक्कम देणार असाल, तर तीही सर्व खेळांसाठी एकच दर ठरवून मंडळाच्या सभेत आधी मंजूर करून घ्यावी आणि इतिवृत्तात नोंदवावी. १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी जिल्हा क्रीडा अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि वार्ताहर एकाच मंडपात सापडण्याची शक्यता असते, तेव्हा वही, अर्जांच्या पोचा आणि ते इतिवृत्त बरोबर घेऊन जावे, आणि भाषणे सुरू होण्याआधी गाठावे.