हिवाळा सरला तरी बाग फुलेना? या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की आमच्या आवारात माणसांची ये-जा वाढते. कुणाच्या हातात वाळकी फांदी, कुणाच्या मोबाईलमध्ये पिवळ्या पानाचा फोटो. प्रश्न ठरलेला: "काकू, हे काऊन फुलत नाई?" उत्तरंही दर साली तीच. म्हणून यंदा लिहूनच टाकते. पुढच्या वर्षी हेच पाठवीन आणि माझा चहा गरम असताना पिईन.

आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडचे. संत्र्याचा मुलूख, काळी भारी जमीन. आपल्याकडे थंडी थोडे दिवस असते, पण असते तेव्हा कडक. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. तिथून मार्चअखेर चाळिशी गाठायची. मधल्या सहा-सात आठवड्यांत झाडाला सावरायचं असतं आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याच्या मागे लागतो.

वाळलं म्हणून उपटणं

या चुकीत मी स्वतः पहिला नंबर काढला आहे. लग्न होऊन आले तेव्हा दारापुढे देवचाफा होता. माहेरी चाफा नव्हता, त्यामुळे त्याच्या तऱ्हा मला ठाऊक नव्हत्या. डिसेंबरात पानं गळायला लागली, संक्रांत होईतो नुसते राखाडी फाटे उरले. मी पाणी घातलं, शेणखत घातलं, आणखी पाणी घातलं. काही नाही. होळीच्या आदल्या दिवशी गल्लीतली पोरं लाकडं मागत आली. सासूबाई वावरात गेलेल्या. मी म्हटलं, हे घेऊन जा, वाळलंच आहे.

पोरांनी कुऱ्हाड घातली. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला पांढराशुभ्र चीक खोडावरून ओघळत खाली मातीत टपकायला लागला. एक पोरगं हात थांबवून म्हणालं, "वहिनी, हे तं जितं हाय!" तोवर खोड अर्ध्याहून जास्त तुटलं होतं. पुढं काय, नेलं त्यांनी. होळीत धड जळलंही नाही, रात्रभर नुसतं धुपत राहिलं आणि अख्ख्या गल्लीला त्याचं कारण कळलं.

सासूबाई दिवेलागणीला आल्या. खुंटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. ओट्याशी पडलेला हातभर फाटा उचलून त्यांनी गोठ्यातल्या आढ्याला टांगला. चीक आटून कापलेलं तोंड कोरडं होईतो तो तिथेच राहिला. पाडव्याला त्यांनी तो मुरमाड मातीत खोचला, आणि मग माझ्याशी बोलायला लागल्या. तो चाफा आज आमच्या टिनांच्या वर गेला आहे.

तर चाफा हिवाळ्यात झोपतो. त्या काळात त्याला पाणी नको, खत नको, आपली दया तर मुळीच नको. भारी मातीत थंडीचं पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि मग तो खरोखरच मरतो. कढीपत्ता, मधुमालती, डाळिंब हीसुद्धा थंडीत कमी-जास्त पानं टाकतात. शंका आलीच तर नखाने साल किंचित खरवडायची. आत हिरवं, ओलसर दिसलं की जिवंत. शेंड्याला तपकिरी निघालं तर खाली खाली येत जमिनीपर्यंत बघायचं, वरचं मेलं म्हणून बूड मेलं असं नसतं. मी अक्षय्य तृतीया झाल्याशिवाय कोणतंही झाड मेलं म्हणत नाही. घरात यावरून माझी थट्टा होते, होऊ द्या.

मोगऱ्याचे लाड

आमच्या शेजारचे काकाजी संत्र्यातले जाणते. अंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात बागेचं पाणी तोडायचं, हलक्या जमिनीला महिनाभर आणि भारीला दीड-दोन महिने ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की फूल येतं, हे ते झोपेतही सांगतील. पण घरच्या मोगऱ्याला बारा महिने न्हाणीचं पाणी, आणि पोतं कोपऱ्यात उभंच आहे म्हणून वर मूठभर युरिया. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे पानं वाढवणारा नायट्रोजन. झुडूप कमरेच्या वर गेलं, पानं तळहाताएवढी, काळीभोर हिरवी. फूल एक नाही. मे महिन्यात मुलीचं लग्न, आणि गजरे आले अमरावतीहून! मी विचारलं, "काकाजी, संत्र्याले ताण देता, मोगऱ्यानं काय पाप केलं?" ते म्हणाले, "संत्रा पैसे देते नं बापा." यावर काय बोलणार?

मोगऱ्याचं फूल नव्या फुटीच्या शेंड्याला येतं. जुनी लाकडं तशीच ठेवली तर नवी फूट कमी, म्हणून फूल कमी. मी काय करते ते सांगते. डिसेंबरात पाणी कमी करते, जानेवारीच्या सुरुवातीला बंदच. कुंडीतला असेल तर एवढं तोडत नाही, कुंडी लवकर सुकते, आठवड्याला एखादा तांब्या देते. संक्रांत झाली की सगळं झुडूप दीड फुटावर छाटायचं आणि राहिलेली पानंही ओरबाडून काढायची. बघणाऱ्याला कीव येते. मग बुडाशी माती हलकी उकरून दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि भरपूर पाणी. मार्च अर्धा सरला की कळ्या धरतात. छाटल्यावर पंधराव्या दिवशी "काकू, अजून काहीच नाई" म्हणत येणाऱ्यांनी सरळ बाजारातून गजरा आणावा.

छाटणी फेब्रुवारीअखेरपर्यंत लांबवली की कोवळी फूट थेट उन्हाच्या तावडीत सापडते. आणि मोगरा कडुनिंबाच्या सावलीत असेल तर वरचं सगळं करूनही उपयोग नाही, त्याला पाच-सहा तास ऊन हवंच.

पिवळं पान दिसलं की युरिया

आधी कोणतं पान पिवळं ते बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी असू शकतं. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर ती लोहाची ओरड. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही, आणि पाणी तुंबलेलं असलं की आणखीच नाही. अशा वेळी हिराकस (लोह देणारं फेरस सल्फेट) मातीत टाकली तर तीही तिथेच अडकते. लिटरला ५ ग्रॅम, पिळलेल्या लिंबाचे थोडे थेंब, आणि ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

याच मातीत लोक चुलीची राख आणि अंड्याची टरफलं टाकतात. व्हिडिओत सांगितलं म्हणे. व्हिडिओवाल्याची माती कोकणातली तांबडी असेल, आपल्या मातीत चुना आधीच ठासून भरला आहे. राख भांडी घासायला ठेवा.

बाकीचं थोडक्यात

गुलाब फुलत नाही आणि एकच फांदी सरसर वर चालली आहे? कलमाच्या गाठीखालून निघाली असेल तर ती रानगुलाबाची. बुडातून ओढून काढा, कापू नका, कापली की पुन्हा येते.

जास्वंदाच्या कळ्या गळत असतील तर शेंड्याला पांढरी कापसासारखी कीड आहे का बघा. आपल्याला कपाशीवरचा मिलीबग ओळखता येतो, जास्वंदावरचा का नाही? आधी पाण्याचा जोराचा फवारा, मग ५ टक्के निंबोळी अर्क.

गाडीवर आलेलं रोप आणलं त्याच दिवशी उन्हात लावायचं नाही. मुळाभोवती तांबड्या चिकणमातीचा घट्ट गोळा असतो, आपल्या मातीतलं पाणी त्यात शिरतच नाही. गोळा पाण्यात भिजवून सैल करा, आठ दिवस पडवीत ठेवा.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणाऱ्यांची मला फार गंमत वाटते. क्षार त्याच पाण्यात साठलेले असतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचंच पाणी खारट, तिथे हे म्हणजे जखमेवर मीठच. त्या पाण्याने आंगण धुवा.

आणि मार्चात जमिनीला भेगा पडायच्या आत आळ्यात चार बोटं सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा. भेग रुंदावली की बारीक मुळं तटातट तुटतात, मग वरून कितीही पाणी घाला, ते भेगेतून खाली निघून जातं. कुटाराला उधई (वाळवी) लागते अशी तक्रार हमखास येते. लागते. म्हणून खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडायची.