हंगेरियन माणसाला कॅटपल्ट शिकवताना एवढं सांगाच

हंगेरियन मित्रमैत्रिणींना इंग्लिश शिकवत असाल तर कॅटपल्ट हा शब्द नीट समजावून द्या, कारण त्यांच्याकडे कॉटॉपुल्ट आहेच, त्यामुळे वाटतं की येतोय आपल्याला. किल्ल्यावर दगड फेकणारं जुनं यंत्र आणि विमानवाहू जहाजावरून विमान जोरात पुढे सोडणारी यंत्रणा, इथे दोन्ही भाषा जुळतात, काही टेन्शन नाही. पण ब्रिटिश इंग्लिशमधे पोरांची बेचकी पण कॅटपल्टच (अमेरिकेत स्लिंगशॉट), आणि हंगेरियनमधे तिला चूझ्ली म्हणतात.

खरी गडबड क्रियापदात होते. हंगेरियनमधे पायलट पेटलेल्या विमानातून सीटसकट बाहेर उडाला की कॉटॉपुल्टाल म्हणतात, इंग्लिशमधे तिथे इजेक्ट पाहिजे, आणि त्या सीटला इजेक्शन सीट. हे मुद्दाम पाठ करून घ्या. इंग्लिशमधे कॅटपल्ट हे क्रियापद जास्त करून एकदम वर फेकलं जाण्यासाठी येतं, म्हणजे एका गाण्याने कोणी रातोरात फेमस झालं तर कॅटपल्टेड टू फेम, अशा वेळी हंगेरियन माणूस एज्ज चॉपाश्रॉ म्हणजे एका फटक्यात असं म्हणेल.

उच्चारात जोर दोन्हीकडे पहिल्या अक्षरावरच, फक्त शेवटी पुल्ट नाही, पल्ट.